माणदेशातले मूल आणि मुलांसाठीची कथा : लेखनाच्या शिक्षणाचा एक आढावा

मुलांसाठी कथा लिहिणे ही शिकता येण्यासारखी विद्या आहे की ती केवळ जिव्हाळ्यातून आपोआप उमलते, हा प्रश्न मराठीत अधूनमधून विचारला जातो. मात्र त्याचे उत्तर बहुतेक वेळा लेखकाच्या स्वभावात शोधले जाते, कारागिरीत नाही. निरागसता, प्रेमळपणा, ‘मुलांत मूल होणे’ अशी उत्तरे ऐकायला गोड असली तरी पहिल्यांदाच लिहायला बसलेल्या माणसाच्या हाती त्यांतून काही लागत नाही. या प्रश्नाकडे कारागिरीच्या अंगाने पाहायचे असेल तर सातारा जिल्ह्यातील माण आणि खटाव, सांगली जिल्ह्यातील आटपाडी व लगतचा मुलूख मिळून होणारा माणदेश हा अभ्यासाला फार सोयीचा प्रदेश ठरतो. कारण या कोरड्या माळाने मराठीला अत्यंत जिवंत अशी मुले दिली, परंतु ती प्रामुख्याने मोठ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत राहिली. मुलांविषयी लिहिणे आणि मुलांसाठी लिहिणे यांतील अंतर नेमके कशाचे आहे, हे येथे स्पष्ट दिसते, आणि मुलांसाठीच्या कथेचे बहुतेक शिक्षण म्हणजे हे अंतर ओलांडण्याचे शिक्षण होय.

मराठी बालसाहित्याची छापील परंपरा भाषांतराने आणि बोधाने सुरू झाली. वैजनाथशास्त्र्यांचे पंचतंत्र १८१५ मध्ये श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यातून निघाले, आणि १८२८ मध्ये सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी इसापच्या कथा व ‘बाळमित्र’ मराठीत आणले. यांपैकी ‘बाळमित्र’ हे मूळ फ्रेंच लेखक बर्क्वँ याच्या पुस्तकाचे इंग्रजीमार्गे झालेले रूपांतर होते. या ग्रंथांनी मराठी गद्याला वळण लावले, हे त्यांचे ऋण मोठे आहे. त्याबरोबरच कथेच्या शेवटी तात्पर्य हवेच, ही सवयही त्यांनीच लावली आणि ती दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकली. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ मध्ये सुरू केलेल्या ‘आनंद’ मासिकाने मुलांच्या रंजनाला प्रतिष्ठा दिली, तरी लेखकाने वाचकापेक्षा वरच्या पायरीवर उभे राहूनच बोलायचे, हा रिवाज पुरता मोडला नाही.

तो मोडण्याच्या दृष्टीने दोन वाटा महत्त्वाच्या ठरल्या. पहिली साने गुरुजींची. नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेल्या ‘श्यामची आई’चा आशय उघडपणे संस्काराचा आहे, परंतु त्याची रचना आश्रमात रात्री सांगितल्या जाणाऱ्या आठवणींची आहे, आणि सांगणारा श्याम स्वतःच्या चुका, भित्रेपणा व हट्ट उघड करीत जात असल्यामुळे उपदेश वरून खाली येत नाही, तो कबुलीच्या रूपाने येतो. दुसरी वाट ना. धों. ताम्हनकरांच्या ‘गोट्या’ची आणि भा. रा. भागवतांच्या ‘फास्टर फेणे’ची. या कथांत मूल स्वतः निर्णय घेते, चुकते, निस्तरते आणि गोष्ट त्याच्या कृतीमुळे पुढे सरकते. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या होत्या, ही गोष्ट शिकणाऱ्याने विशेष ध्यानात घ्यावी; कारण परक्या कथेचे रूपांतर करताना प्रसंगांची साखळी, रहस्य कुठे झाकायचे आणि कुठे उघडायचे, प्रकरण कुठे तोडायचे, हे सारे हाताखालून जाते. नव्या लेखकाला रूपांतराएवढी स्वस्त आणि कडक तालीम दुसरी मिळणे कठीण आहे, आणि रूपांतराला कमी लेखणारी आजची वृत्ती त्याचे नुकसान करते.

मात्र फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या शाळेत शिकतो. गोट्याही पांढरपेशा घरातला. मराठी बालकथेतील कर्ते मूल दीर्घकाळ शहरी, शाळेत जाणारे, पोटभर जेवणारे राहिले. माणदेशातले मूल याच काळात दुसऱ्याच दालनात वाढत होते. व्यंकटेश माडगूळकर यांचा जन्म १९२७ मध्ये आटपाडी तालुक्यातील, तेव्हा औंध संस्थानात असलेल्या माडगुळे या गावी झाला, आणि त्यांचे ‘माणदेशी माणसं’ हे व्यक्तिचित्रांचे पुस्तक १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील ‘झेल्या’ हे शाळकरी मुलाचे चित्र आणि पुढे १९५५ मध्ये आलेली ‘बनगरवाडी’ ही कादंबरी यांचा मुलांसाठी लिहू इच्छिणाऱ्याने बारकाईने अभ्यास करावा, तो अनुकरणासाठी नव्हे, तर त्यांत कोण पाहतो आहे हे तपासण्यासाठी.

कथेत घटना ज्याच्या नजरेतून आणि ज्याच्या समजुतीच्या मर्यादेत वाचकापर्यंत पोहोचतात, त्याला समीक्षेत दृष्टिकोन म्हणतात. निवेदक म्हणजे जो सांगतो तो. ‘झेल्या’त आणि ‘बनगरवाडी’त निवेदक मास्तर आहे. धनगरांच्या वाडीवर आलेला तो तरुण मास्तर स्वतःच कोवळा आणि बुजरा असला तरी तो पगारी माणूस आहे, लिहिणे-वाचणे जाणतो, वाडीचे राजकारण त्याला कळू लागते, आणि मुले शाळेत का येत नाहीत याचा अर्थ तो लावू शकतो. वाडीतील मुले त्याला दिसतात, पण त्या मुलांना तो कसा दिसतो, हे वाचकाला अनुमानानेच कळते. मोठ्यांच्या कादंबरीत हे पूर्णपणे योग्य आहे, किंबहुना त्या अंतरातच तिची करुणा आहे. मुलांसाठीची कथा मात्र नेमक्या या जागी उलटी फिरते. मेंढरांमागे जाणारे आठ-नऊ वर्षांचे पोर केंद्रस्थानी ठेवले की ‘शाळेचे महत्त्व’ ही कल्पनाच कथेतून नाहीशी होते, आणि तिच्या जागी दुसरेच प्रश्न येतात : दिवसभर चावडीत बसून राहायचे तर कोकरू कोण सांभाळणार, हा नवा माणूस मारतो का, पाटीवरची रेघ पुसली तर ती कुठे जाते. शिकाऊ लेखकाने या कादंबरीतील एखादा प्रसंग घेऊन तो त्यातील मुलाच्या नजरेतून नव्याने मांडावा, आणि त्या मुलाला जे ठाऊक असणे शक्य नाही ते एकेक करून काढून टाकावे. काय उरते आणि जे उरते त्यात गोष्ट आहे की नाही, हे पाहिल्यावर मुलांसाठीच्या लेखनातील निम्मी अडचण कळून येते.

हीच अडचण आत्मकथनात आणखी सूक्ष्म होते. आटपाडीचे शंकरराव खरात यांचे ‘तराळ अंतराळ’ १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यात महारवाड्यातील बालपण, वडिलांचे तराळकीचे म्हणजे गावकामाचे ओझे, भूक आणि अपमान यांचे दर्शन आहे. येथे पाहणारे मूल आहे, परंतु सांगणारा पुढे वकील, लेखक आणि कुलगुरू झालेला माणूस आहे. त्याला त्या अपमानाचे नाव, कारण आणि इतिहास ठाऊक आहे. मुलांसाठी लिहिणारे बहुतेक नवशिके स्वतःच्या बालपणाकडे वळतात आणि नकळत मोठेपणीची समज त्या मुलाच्या तोंडी घालतात. मग दहा वर्षांचा नायक परिस्थितीचे विश्लेषण करू लागतो, आईच्या कष्टांवर भाष्य करतो, आणि बालवाचक त्याला आपल्यातला मानत नाही. आठवण हा कच्चा माल आहे. त्यातील कळून आलेले बाजूला ठेवून तेव्हा न कळलेले पुन्हा मांडणे, हे आठवणीचे कथेत रूपांतर करण्याचे खरे काम आहे. ते फार कष्टाचे आहे, आणि कार्यशाळांमधून त्याविषयी जवळजवळ बोलले जात नाही.

माणदेशात शिकण्याचा दुसरा मोठा साठा मौखिक आहे. धनगरांच्या ओव्यांत बिरोबासारख्या देवांच्या दीर्घ कथा गायल्या जातात, आणि गायलेल्या भागामागून तोच कथाभाग गद्यात बोलून सांगण्याची रीत त्यांत आढळते. गुंथर सोन्थायमर यांनी या ओव्यांचे ध्वनिमुद्रण आणि अभ्यास यांत आयुष्याचा मोठा भाग घातला. श्रावणातल्या कहाण्या, जात्यावरच्या ओव्या, गोंधळ्यांची आख्याने यांचा परिचय ग्रामीण घरांना होताच, आणि डॉ. सरोजिनी बाबर यांनी संपादिलेल्या लोकसाहित्याच्या खंडांमुळे तो छापील रूपातही उपलब्ध झाला. या सामग्रीतून लेखकाने कथानके उचलावीत, असा सल्ला नेहमी दिला जातो, परंतु तो वरवरचा आहे. उचलण्यासारखी गोष्ट म्हणजे रचना : ठरावीक शब्दांची ठरावीक अंतराने होणारी पुनरावृत्ती, तिसऱ्या खेपेला बदलणारा परिणाम, ऐकणाऱ्याला पुढचे ओळखता येईल इतपत सूचना आणि तरीही शेवटच्या क्षणी दिलेला धक्का. गुजरातमधील शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी भावनगरच्या बालमंदिरात गोष्ट सांगण्याचे शास्त्रच मांडले होते, आणि ‘दिवास्वप्न’ या त्यांच्या पुस्तकातील शिक्षक बेशिस्त वर्गाला गोष्टीनेच बांधून घेतो. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे बालशिक्षणाचे जे काम उभे केले, त्यातही गोष्ट आणि गाणे यांना मध्यवर्ती स्थान होते.

सांगण्याच्या गोष्टीची लिहिण्याची गोष्ट होताना मात्र बरेच काही गळून पडते. सांगणाऱ्याचा आवाज, थांबणे, हात, डोळे यांनी जे काम होते ते कागदावर तपशिलाने आणि वाक्याच्या लयीने करावे लागते; ध्वनिमुद्रित गोष्ट जशीच्या तशी उतरवली तर ती वाचताना सैल आणि लांबट वाटते. या स्थित्यंतराचे उत्तम उदाहरण पुन्हा माडगूळकरच आहेत. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर त्यांनी दीर्घकाळ ग्रामीण श्रोत्यांसाठी काम केले, आणि शंकर पाटील व द. मा. मिरासदार यांच्यासह केलेल्या कथाकथनाच्या कार्यक्रमांनी मराठी कथा हजारो कानांपर्यंत नेली. त्यांच्या गद्यातील लहान वाक्ये, विशेषणांची काटकसर आणि क्रियापदावर दिलेला भर यांचा या ऐकवण्याच्या सवयीशी संबंध असावा, असे मानण्यास जागा आहे. त्यांचे थोरले बंधू ग. दि. माडगूळकर, ज्यांचा जन्म आटपाडी तालुक्यातीलच शेटफळे येथे १९१९ मध्ये झाला, यांनी १९५३ च्या ‘देवबाप्पा’ चित्रपटासाठी लिहिलेले ‘नाच रे मोरा’ हे गीत आजही बालवाडीत म्हटले जाते. ते कथा नव्हे, तरीही तीनचार शब्दांत एक दृश्य उभे करून लगेच पुढच्या हालचालीकडे वळण्याची त्यातील हातोटी बालकथाकाराने जरूर अभ्यासावी.

भाषेचा प्रश्न येथे टाळता येत नाही. ग्रामीण कथेत संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाण मराठीत ठेवण्याची प्रथा आहे. मोठ्यांना तिचे काही वाटत नाही. परंतु घरी माणदेशी बोलणारे आणि शाळेत पहिल्यांदा प्रमाण भाषा वाचणारे मूल या वाटणीतून एक अर्थ आपोआप घेते, तो असा की शहाणे बोलणे पुस्तकाचे आणि विनोदी बोलणे आपले. हा दोष टाळण्याचे दोन उपाय दिसतात. पहिला म्हणजे निवेदनही त्या मुलाच्या बोलीच्या जवळ आणणे, जे लहान लांबीच्या कथेत साधते आणि दीर्घ कथेत इतर भागांतील वाचकाला अवघड जाते. दुसरा उपाय अधिक टिकाऊ : वाक्यरचना साधी प्रमाण ठेवायची, परंतु नामे आणि क्रियापदे माळावरची वापरायची. मेंढरांना रात्री कोंडण्यासाठी लावतात ती जाळी म्हणजे वाघर, पाणी अडवण्यासाठी शेताच्या उताराला घातलेला बांध म्हणजे ताल, हे कंसात सांगण्याची गरज नसते. पोराने वाघर सोडताना बोटाला काच पडला आणि मेंढरे बाहेर पडली, एवढे दाखवले की मुंबईच्या वाचकालाही अर्थ कळतो आणि आटपाडीच्या वाचकाला आपले घर ओळखू येते. कठीण शब्द काढून टाकावेत, हा बालसाहित्यातील सर्वांत जुना आणि सर्वांत चुकीचा नियम आहे. मुलाला अडवते ती अपरिचित कल्पना किंवा गुंतागुंतीचे वाक्य, नवा शब्द क्वचितच.

वयाचा विचार मात्र गंभीरपणे करावा लागतो. साधारणपणे सहा-सात वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी चित्रपुस्तक, म्हणजे ज्यात अर्धी गोष्ट चित्र सांगते असे पुस्तक, त्यापुढे दहा-अकरापर्यंत बालकथा, आणि त्यानंतर कुमारकथा व कादंबरी, अशी ढोबळ विभागणी केली जाते. चित्रपुस्तक लिहिणाऱ्याला सर्वांत अवघड जाते ते चित्रात दिसणारे शब्दांत न सांगणे. माधुरी पुरंदरे स्वतः चित्रकार असल्यामुळे हा संयम त्यांच्या लेखनात मुळापासून आहे. ‘राधाचं घर’सारख्या पुस्तकांत साहस, राक्षस, रहस्य यांपैकी काहीही नसताना केवळ घरातल्या माणसांच्या वागण्यातून कुतूहल टिकते, आणि घर पुण्या-मुंबईचे असो वा दहिवडीचे, ही रीत सर्वत्र लागू पडते. कुमारवयासाठी लिहिणाऱ्यापुढची अडचण वेगळी : त्याला मोठ्यांच्या जगाची कुरूपता लपवता येत नाही आणि ती मोठ्यांच्या निराशेने सांगताही येत नाही.

माणदेशाची आजची सामग्री या दृष्टीने कमालीची समृद्ध आहे, आणि ती अजून पुरती वापरली गेलेली नाही. आटपाडी, विटा, खानापूर या भागांतील कितीतरी कुटुंबे गलाईच्या व्यवसायात, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या कामात, देशाच्या दूरदूरच्या शहरांत स्थायिक झाली आहेत. त्यांची मुले तमिळ, मल्याळम किंवा हिंदी बोलणाऱ्या गल्लीत वाढतात आणि यात्रेला गावी येतात, तेव्हा चुलतभावंडांशी त्यांचे जे काही होते त्यात भाषा, पैसा, हेवा आणि माया यांची सगळी गुंतागुंत आयतीच आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जनावरांसाठी उघडलेल्या चारा छावण्यांत घरेच्या घरे मुक्कामाला गेली होती. मुलाच्या डोळ्यांनी पाहिले तर छावणी हे संकट आहेच, त्याबरोबर शेकडो बैलगायींचे, नव्या सवंगड्यांचे आणि रात्री उघड्यावर झोपण्याचे एक विलक्षण गाव आहे. खरसुंडीच्या यात्रेतील खिलार जनावरांचा बाजार, डाळिंबाच्या बागा, टेंभू योजनेचे पाणी पहिल्यांदा ओढ्यात आल्यानंतरची धावपळ, म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनने चालवलेले ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे सामुदायिक नभोवाणी केंद्र, मोही गावातून निघून २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावलेली ललिता बाबर, यांपैकी प्रत्येक विषयात कथा दडलेली आहे; तसाच प्रत्येकात निबंध होऊन बसण्याचा धोकाही आहे.

तो धोका शेवटाजवळ सर्वाधिक असतो. दुष्काळावरची बालकथा बहुधा पाऊस पडून संपते आणि मुलीच्या शिक्षणावरची कथा बक्षीस मिळून संपते. अशा शेवटात नायकाच्या कृतीचा काही हात नसल्याने तो वाचकाला फसवतो. ‘बनगरवाडी’त दुष्काळाने वाडी रिकामी होते आणि लेखक पाऊस पाडत नाही. मुलांसाठी लिहिताना एवढी कठोर अखेर पेलणार नाही असे गृहीत धरले, तरी पावसाऐवजी मुलाच्या हातातली एखादी गोष्ट, उदाहरणार्थ विकायला काढलेल्या खोंडाला आपल्या हाताने शेवटचे पाणी पाजून तो कुणाच्या दावणीला जातो हे पाहून येणे, शेवट म्हणून पुरेशी असते. मोठे संकट कायम राहते, परंतु मूल काही करते; आणि ते करणे पूर्ण झाले की कथा पूर्ण होते. आशा द्यावी की नाही, या नेहमीच्या वादाचे कारागिरीतले उत्तर एवढेच आहे.

हे सारे शिकवते कोण, याचे प्रामाणिक उत्तर दिले तर मराठीत हे काम संस्थांपेक्षा संपादकांनी अधिक केले. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू झाले आणि पहिले संपादक वसंत शिरवाडकर यांच्या काळापासून त्याने मोठ्यांसाठी लिहिणाऱ्या नामवंतांना मुलांसाठी लिहायला लावले. ‘साधना’ साप्ताहिकाने २००८ पासून बालकुमार दिवाळी अंक काढायला सुरुवात केली. साहित्य अकादमीने २०१० पासून बालसाहित्याला स्वतंत्र पुरस्कार देण्यास आरंभ केल्यावर अनिल अवचट, दिलीप प्रभावळकर, माधुरी पुरंदरे, रत्नाकर मतकरी यांच्याबरोबर सलीम मुल्ला आणि आबा महाजन यांच्यासारखे महानगरांबाहेरचे लेखकही पुढे आले, आणि जंगल, शेत, तालुक्याची गावे मुलांच्या कथेत हळूहळू येऊ लागली. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या मुक्त संग्रहामुळे मराठी लेखकाला चित्रपुस्तके विनामूल्य वाचता येतात आणि भाषांतरून पाहता येतात. पुरस्कारांनी प्रतिष्ठा वाढते, कारागिरी वाढेलच असे नाही. आणि एक-दोन दिवसांच्या कार्यशाळांत विषय कसे सुचतात यावर जितका वेळ जातो, त्याच्या दशांशही वेळ लिहिलेले पुन्हा कसे लिहावे यावर जात नाही, ही या क्षेत्रातील खरी उणीव आहे.

ती उणीव माणदेशात सर्वांत सहज भरून काढू शकतील असे लोक म्हणजे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतील शिक्षक. मराठीतल्या कितीतरी बालकथाकारांची नोकरी शाळेतच होती वा आहे, आणि त्याचे कारण साधे आहे : कच्चा मसुदा ज्यांच्यापुढे मोठ्याने वाचून दाखवायचा ते वाचक रोज समोर बसलेले असतात. चौथीच्या वर्गात कथा वाचताना मुले कुठे चुळबुळ करतात, कुठे पुढचे आधीच ओळखतात, कुठे हसू येण्याऐवजी गप्प होतात, याची खूण हस्तलिखिताच्या समासात करून ती जागा पुन्हा लिहिणे ही कोणत्याही अभ्यासक्रमापेक्षा खात्रीची पद्धत आहे. वर्गापुढे एकदाही न वाचलेली कथा संपादकाकडे पाठवू नये. आणि नमुन्यांची कमतरता ही सबब आता राहिलेली नाही, कारण ‘किशोर’चे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर सर्वांना विनामूल्य खुले केले आहेत.